मोर्स शिकणाऱ्या मुलांना पहिला रेडिओ कोणता द्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा बारा. दोघं तीन महिन्यांपासून फोनवरच्या अ‍ॅपवर मोर्स शिकतायत, पंधरा-वीस अक्षरं पक्की झालीत, आणि आता त्यांना ‘खरा रेडिओ’ हवाय. ओळखीच्या एका हॅमने, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्याने, हातात मावणारा, वॉकीटॉकीसारखा संच सुचवलाय. दुसऱ्याचं म्हणणं, एकदाच काय तो शंभर वॅटचा मोठा संच घ्या, म्हणजे पुढे बदलायला नको. तुम्हाला स्वतःला मोर्स येत नाही. मग घ्यायचं काय?

मी असतो तर या दोन्हींपैकी एकही घेतला नसता. एकाच बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या एकाच पट्ट्यावर चालणारा, फक्त मोर्ससाठी बनवलेला, पाच वॅटच्या आसपासचा छोटा ट्रान्सीव्हर (ऐकणं आणि पाठवणं दोन्ही करणारा संच) घ्या. त्याच्या आधी काही आठवडे सरावाचे दोन ऑसिलेटर आणि ऐकण्यापुरता एखादा रिसीव्हर. आणि कुठलाही संच पाहताना एकच कसोटी लावा: पडदा झाकून ठेवला, तरी मूल त्या संचासमोर एकटं बसून हवेतला एक स्वच्छ सूर शोधू शकतं का? बरीच वर्षं मी मुलांना मोर्स शिकवतो आहे. उत्साहाने सुरुवात करून संच आल्यावर महिन्याभरात मोर्स सोडून दिलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि बहुतेक वेळा संच त्यांच्या कानाचा विचार न करता घेतलेला होता.

आधी हातातल्या संचाबद्दल, कारण ही चूक सगळ्यात जास्त होते. तो स्वस्त असतो, देखणा असतो, मुलांना चटकन आवडतो. पण तो एफएमवर बोलण्यासाठी असतो आणि मोर्सचे संदेश असतात शॉर्टवेव्हवर, अगदी वेगळ्या पद्धतीने. मोर्समध्ये प्रसारक काहीच ‘बोलत’ नाही. ‘की’ म्हणजे मोर्स पाठवायची दांडी; ती दाबली की नुसती रेडिओलहर सुटते, सोडली की थांबते. ती लहर सत्तर लाख हर्ट्झची, माणसाच्या कानाला तिचा आवाज असा काही नाही. रिसीव्हर मग स्वतःच्या पोटात दुसरी एक लहर तयार करतो, येणाऱ्या लहरीपेक्षा सहाशे-सातशे हर्ट्झने वेगळी. दोन्ही एकत्र केल्या की त्यांच्यातला फरक सूर होऊन ऐकू येतो. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की त्यांच्यातून तिसरंच एक आंदोलन ऐकू येतं; त्याच जातीची ही गोष्ट. ही दुसरी लहर तयार करणाऱ्या भागाला बीएफओ म्हणतात. हातातल्या एफएम संचात तो नसतो. त्यामुळे असा संच घेऊन मुलं बसली तर तिथे शिट्टीसारखा मोर्सचा सूर सापडणारच नाही. दोन हातातल्या संचांवर माइकसमोर बझर धरून एकमेकांना मोर्स पाठवता येतो, मुलांना त्यात मजाही येते, पण त्याला परवाना लागतो आणि पलीकडे घरचंच माणूस असतं. ते काम दोन ऑसिलेटर जास्त चांगलं करतात.

जुना शॉर्टवेव्ह रेडिओ कपाटात असेल तर त्यालाही हाच नियम. त्यावर ‘एसएसबी’ किंवा ‘बीएफओ’ असं बटण असेल तरच मोर्स ऐकू येईल. नसेल तर मोर्सच्या जागी नुसती धप-धप किंवा खरखरीत पडलेला खड्डा जाणवतो, आणि मूल म्हणतं, ‘इथे काहीच नाही.’ ऐकण्यापुरता छोटा रेडिओ घ्यायचाच असेल तर टेकसन पीएल-३३० किंवा पीएल-६६० सारख्या, एसएसबी असलेल्या संचांनी सुरुवात चांगली होते.

खर्च न करता आजच ऐकायचं असेल तर तीही सोय आहे. नेदरलँड्समधल्या एन्सखेडे इथे, ट्वेंटे विद्यापीठात, इंटरनेटवरून कुणालाही चालवता येणारा एक शॉर्टवेव्ह रिसीव्हर आहे. ‘वेबएसडीआर’ म्हणून तो ओळखला जातो आणि २००८ मध्ये तो पहिल्यांदा लोकांना खुला झाला. ब्राउझरमध्ये उघडा, सीडब्ल्यू हे बटण दाबा (हॅम लोक मोर्सला सीडब्ल्यूच म्हणतात) आणि ७००० ते ७०४० किलोहर्ट्झच्या दरम्यान फिरा. युरोपातल्या संध्याकाळी तिथे गर्दी असते. अ‍ॅपमधला मोर्स म्हणजे नितळ, एकसुरी, एकाच वेगाचा. हवेतला मोर्स माणसांचा. कुणाचा हात डॅश लांबवतो, कुणी अक्षरं चिकटवतो, सूर मध्येच लाटेसारखा विरतो आणि परत येतो. पहिल्यांदा ऐकताना मुलं थोडी घाबरतात. ही घबराट संच विकत घेण्याआधीच संपून गेलेली बरी.

आता सरावाचे ऑसिलेटर. हे रेडिओ नव्हेत. की दाबली की सूर वाजवणारी छोटी डबी, एवढंच. पण मुलांचा पहिला खरा ‘संच’ मी यालाच मानतो. दोन घ्या किंवा बनवा, दोन खोल्यांमध्ये दुपदरी वायर ओढा आणि भिंतीपलीकडून एकमेकांना निरोप पाठवू द्या. इथे कुठला परवाना नाही, अँटेना नाही, चुकलं तर जगाला ऐकू जात नाही. शिवाय अ‍ॅपमध्ये न होणारी एक गोष्ट इथे होते: पलीकडच्या भावंडाला आपला मोर्स कळला नाही, हे लगेच समजतं. मग दोन अक्षरांमध्ये जागा सोडायला मूल आपोआप शिकतं. डॉट एक मात्रा, डॅश तीन मात्रा, अक्षरांमध्ये तीन, शब्दांमध्ये सात, हा हिशेब पाठ करून अंगी बाणत नाही. बहिणीने ‘काय म्हणालास?’ असं तीनदा विचारलं की बाणतो.

ऑसिलेटर घेताना सूर कसा आहे ते ऐकून घ्या. काही स्वस्त डब्यांतून सूर न येता डासासारखी गुणगुण येते, आणि की दाबताना-सोडताना टकटक होते. अर्ध्या तासात कान दुखतो. आणि हेडफोन वायरचाच हवा. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज उशिरा पोचतो, बहुतेकांत सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त उशिरा. मिनिटाला अठरा शब्दांच्या वेगाने एक डॉट असतो सुमारे ६७ मिलिसेकंदांचा. म्हणजे हाताने पुढची खूण सुरू केल्यावर आधीची कानावर येते आणि हात अडखळतो. एका मुलाला ‘याला लयच नाही’ असं सगळे म्हणत होते. हेडफोन बदलला आणि दुसऱ्या मिनिटाला तो नीट पाठवू लागला.

वेगाचा विषय निघालाच आहे तर तो इथेच सांगतो, कारण संचाच्या निवडीशी त्याचा थेट संबंध आहे. मुलांना ‘हळू शिकवू’ म्हणून मिनिटाला पाच शब्दांच्या वेगाने अक्षरं ऐकवली, की एक डॉट २४० मिलिसेकंदांचा होतो. मूल मग सूर न ऐकता डॉट-डॅश मोजतं. मोजायची सवय एकदा लागली की पुढे दहा-बारा शब्दांवर भिंत उभी राहते. अक्षर वाजायचं ते पंधरा-अठराच्या वेगानेच, फक्त दोन अक्षरांमधली जागा वाढवायची. याला फार्न्सवर्थ पद्धत म्हणतात. दुसरी, कोख यांची पद्धत: दोनच अक्षरांपासून पूर्ण वेगाने सुरू करायचं, नव्वद टक्के बरोबर यायला लागली की तिसरं अक्षर. दोन्हींचा गाभा एकच, की ‘के’ म्हणजे डॅश-डॉट-डॅश न राहता ‘डाह-डि-डाह’ असा अख्खा सूर व्हावा. मूल अ‍ॅपवर यापेक्षा संथ अक्षरं ऐकत असेल तर संच नंतर घ्या, आधी अ‍ॅपमधला अक्षराचा वेग वाढवा.

आता मुख्य संचाकडे. मी पाहतो त्यातली पहिली गोष्ट फिल्टर, म्हणजे आजूबाजूचे नको ते सूर गाळणारा भाग. बोलण्यासाठी बनवलेल्या संचाचा फिल्टर साधारण २४०० हर्ट्झ रुंद असतो. गर्दीच्या बँडवर तेवढ्या रुंदीत चार-पाच मोर्स केंद्रं एकदम ऐकू येतात. अनुभवी कान त्यातलं हवं ते वेगळं काढतो, कारण त्याला ते वर्षानुवर्षांच्या सवयीने जमतं. नऊ वर्षांच्या मुलीला तो नुसता गोंगाट वाटतो. ५०० हर्ट्झचा फिल्टर असला की बहुधा एक किंवा दोनच सूर उरतात. २०० हर्ट्झचा असला तर एकच, पण मग बँडवर फिरताना केंद्रं सापडायला हळू जावं लागतं, नॉब जरा जोरात फिरवला की सूर निसटून जातो. दोन्ही रुंदी मिळाल्या तर उत्तम; एकच मिळणार असेल तर मुलांसाठी मी ५०० निवडतो, पण २०० वाला संच केवळ त्यासाठी नाकारत नाही. जुना याएसू एफटी-८१७ किंवा ८१८ कुणी देऊ करत असेल तर हे आवर्जून विचारा: त्यात मोर्सचा अरुंद फिल्टर बसवलेला आहे का? त्या संचांत तो वेगळा घ्यावा लागत असे आणि अनेकांनी घेतलेला नाही. नसेल तर वर सांगितलेला गोंगाट तुमच्या वाट्याला येईल.

दुसरी गोष्ट साइडटोन, म्हणजे आपण की दाबल्यावर आपल्याच हेडफोनमध्ये येणारा सूर. घेताना याकडे फारसं कुणी पाहत नाही, पण माझ्या मते मुलांच्या संचात यावरच सगळं अवलंबून आहे. हा सूर स्वच्छ हवा. त्याचा आवाज रिसीव्हरच्या आवाजापेक्षा वेगळा लावता यायला हवा, आणि त्याची पट्टी बदलता यायला हवी. बहुतेक संच सहाशे-सातशे हर्ट्झवर लावून येतात. काही मुलांना तो टोचतो, पाचशेच्या आसपास आणला की ती तासभर बसतात. याहून महत्त्वाचं असं, की नीट बनवलेल्या संचात साइडटोनची पट्टी आणि अचूक जुळलेल्या केंद्राची पट्टी एकच असते. म्हणजे दुसऱ्याचा सूर आपल्या सुराशी जुळवला की आपण त्याच्या नेमक्या फ्रिक्वेन्सीवर आलो. मोठी माणसं आकडे बघून जुळवतात आणि पन्नास-शंभर हर्ट्झ चुकतात. मुलं ऐकून जुळवतात आणि चुकत नाहीत. गाणं शिकणाऱ्या एका मुलीला हे मी एकदाच सांगितलं होतं. तिने डोळे मिटून नॉब फिरवला आणि ‘लागला’ म्हणाली. त्या दिवसानंतर तिला पडद्याकडे बघायची गरजच वाटली नाही.

म्हणूनच पडद्यांबद्दल माझं मत जरा कडक आहे. आजच्या बऱ्याच संचांत मोर्स आपोआप वाचून अक्षरं दाखवणारा डिकोडर असतो, मोठ्या संचांत बँडचं चित्र दाखवणारा ‘वॉटरफॉल’ असतो. मोठ्यांसाठी दोन्ही उपयोगाचे आहेत. शिकणाऱ्या मुलासमोर डिकोडर चालू ठेवला तर ते दोन दिवसांत ऐकणं थांबवतं आणि वाचायला लागतं. आणि डिकोडर तर क्षीण सुरावर, हाताने पाठवलेल्या ओबडधोबड मोर्सवर सतत चुकतो. १८४४ मध्ये वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार गेली तेव्हाही यंत्र कागदाच्या पट्टीवर खुणा उमटवत होतं. पुढे यंत्रावर बसणाऱ्यांच्या लक्षात आलं की पट्टी बघायची गरजच नाही, खटखट ऐकूनच मजकूर लिहिता येतो, आणि हळूहळू पट्टी मागे पडली. मुलांना आपण उलट दिशेने का न्यायचं? मेनूत जाऊन डिकोडर बंद करता येत असेल तर करा, नाहीतर पडद्यावर कागदाची चिकटपट्टी लावा. मी लावतो.

तिसरी गोष्ट, नॉब मोठा आणि हळू फिरणारा असावा, आणि रोज लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे आवाज, फ्रिक्वेन्सी आणि मोर्सचा वेग, मेनूत खोल दडलेल्या नसाव्यात. 

या कसोट्यांवर मला आज मुलांसाठी सगळ्यात जवळचा वाटतो तो क्यूआरपी लॅब्सचा क्यूसीएक्स-मिनी. एकाच बँडचा, फक्त मोर्सचा, सुमारे पाच वॅटचा, मुठीएवढा. त्यात २०० हर्ट्झचा फिल्टर आहे, आतच कीअर (डॉट-डॅशची लांबी अचूक ठेवणारा भाग) आहे, आणि एक सरावाची पद्धत आहे जिच्यात की दाबल्यावर सूर ऐकू येतो पण हवेत काही जात नाही. मुलांच्या घरात ही सोय सोन्याची आहे. तो सुट्या भागांत येतो, आणि बनवायला मोठ्या माणसाचा हात व बरीच चिकाटी लागते. आधी सोल्डरिंग केलेलं नसेल तर जोडून तयार असलेलाच घ्या. मेनू लांबलचक आहे, पण एकदा तुम्ही लावून दिलात की मुलांना तिथे जायची गरज नाही. एक सावधगिरी मात्र हवी. त्याच्या मूळ रचनेत जोरदार केंद्राचा आवाज आपोआप खाली आणणारी सोय नाही. त्याचं मॉड्यूल वेगळं मिळतं. मुलांसाठी घेताना ते घ्या, कारण क्षीण केंद्र ऐकायला आवाज वाढवलेला असताना शेजारचं जोरदार केंद्र अचानक कानात आदळलं, तर मूल हेडफोन काढून ठेवतं आणि पुन्हा घालायला तयार होत नाही. तोवर कानावर गादी असलेला हेडफोन थोडा सैल, कानाच्या पुढे सरकवून घालायला शिकवा.

खर्चाची मोकळीक असेल तर एलेक्राफ्टचा केएक्स-२ माझ्या मनात पहिला येतो. अनेक बँड, दहा वॅट, अप्रतिम रिसीव्हर, बॅटरी आतच. आयकॉमचा आयसी-७०५ सुद्धा चांगला आहे, स्वतःच्या बॅटरीवर पाच वॅट देतो, फिल्टर हवा तसा अरुंद करता येतो. पण त्याचा रंगीत पडदा इतका सुंदर आहे, की मुलांचे डोळे तिथून हलत नाहीत.

आणि पिक्सी. सुट्या भागांचा हा छोटासा संच मुलांसाठी म्हणून वारंवार सुचवला जातो. बनवायला जरूर द्या, बारा वर्षांच्या मुलाला एका दुपारी जमेल आणि स्वतःच्या हाताने केलेल्या संचातून पहिला सूर आल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. पण हवेत बोलण्याचा पहिला संच म्हणून तो देऊ नका. तो एकाच क्रिस्टलवर, बहुधा ७०२३ किलोहर्ट्झवर, अडकलेला असतो. शक्ती अर्ध्या वॅटच्या आसपास. फिल्टर जवळजवळ नाहीच, त्यामुळे अवतीभवतीची सगळी केंद्रं, रात्री तर प्रसारण केंद्रांची गाणीही, एकत्र ऐकू येतात. मूल पन्नास वेळा सीक्यू, म्हणजे ‘कुणी आहे का’, अशी हाक मारतं आणि कुणीच उत्तर देत नाही. दोष संचाचा असतो, मूल तो स्वतःकडे घेतं.

शंभर वॅटचा संच चूक आहे असं मी म्हणणार नाही. आयसी-७३०० सारख्या संचाचा रिसीव्हर उत्कृष्ट आहे. घरात आधीच असेल तर शक्ती पाच वॅटवर उतरवा आणि मुलांना त्यावरच बसवा. पण मुलांसाठी म्हणून नवीन घेऊ नका. शंभर आणि पाच वॅटमधला फरक १३ डेसिबल आहे, म्हणजे पलीकडच्याच्या मीटरवर दोन खुणांहून थोडा जास्त. मोर्स इतक्या अरुंद जागेत मावतो की एवढा फरक बरेचदा सोसतो. उलट शंभर वॅटला मोठा वीजपुरवठा लागतो, अँटेनाजवळ कुणी नाही ना हे पाहावं लागतं, चुकीचं बटण दाबलं तर नुकसान मोठं. मग तुम्ही साहजिकच ‘मी असताना हात लाव’ म्हणता, आणि मुलं तुमची वाट बघत बसतात. छोट्या संचावर त्यांना हवं तेव्हा, वीस मिनिटं का होईना, ऐकत बसता येतं. मोर्स या रोजच्या वीस मिनिटांनी येतो.

एकच बँड घ्यायचा तर कोणता? मुलं मोकळी कधी असतात ते पाहा. संध्याकाळनंतर बसणार असतील तर ४० मीटर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झ. दिवसा मध्यम अंतरावरची केंद्रं, रात्री हजारो किलोमीटरवरची. दुपारी किंवा सुट्टीच्या दिवशी बसणार असतील आणि जागा कमी असेल तर २० मीटर, १४ मेगाहर्ट्झ. तारेची लांबी हा दुसरा विचार. १४३ ला मेगाहर्ट्झने भागलं की डायपोलची (मधोमध जोडलेल्या साध्या तारेच्या अँटेनाची) एकूण लांबी मीटरमध्ये मिळते: ७.०३ ला सुमारे २०.३ मीटर, १४.०६ ला १०.२. दहा मीटर तार बऱ्याच घरांत ओढता येते, वीस मीटर जरा अवघड. तार उंचावर, वीजवाहिन्यांपासून पूर्ण दूर, आणि टोकं मुलांच्या हाताला न लागतील अशी. पाच वॅटलाही टोकाशी चटका बसू शकतो. तारेचं काम मोठ्यांचं. मुलांना एकच नियम पाठ करायला लावा: अँटेना जोडल्याशिवाय की दाबायची नाही. छोट्या संचांतले शेवटचे ट्रान्झिस्टर त्यानेच जळतात. सरावाला पन्नास ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) जोडून ठेवलात तर ही भीती उरत नाही.

२० मीटरच्या बाजूने माझ्याकडे आणखी एक कारण आहे, आणि मुलांसाठी मला ते फार मोलाचं वाटतं. १४.१०० मेगाहर्ट्झवर जगभरातले १८ बीकन, म्हणजे आपोआप खूण पाठवणारी केंद्रं, पाळीपाळीने वाजतात. प्रत्येकाला दहा सेकंद, पूर्ण फेरी तीन मिनिटांची. बीकन स्वतःचा कॉलसाइन (केंद्राचं ओळखनाव) मिनिटाला २२ शब्दांच्या वेगाने पाठवतो आणि मग चार लांब डॅश: पहिला शंभर वॅटचा, दुसरा दहा, तिसरा एक आणि चौथा दशांश वॅटचा. वेळापत्रक ठरलेलं, त्यामुळे आत्ता श्रीलंकेतला ‘फोर एस सेव्हन बी’ वाजणार की फिनलंडमधला ‘ओएच टू बी’, हे मुलांना आधीच माहीत असतं. वेग जास्त आहे, पण काय येणार ते माहीत असल्याने कान पकडतो. मुलांना फक्त एवढंच सांगा: किती डॅश ऐकू आले ते वहीत लिहा. ज्या संध्याकाळी चौथा डॅश ऐकू येतो, म्हणजे टॉर्चच्या बल्बपेक्षाही कमी शक्ती समुद्रापलीकडून येऊन पोचते, त्या संध्याकाळी पाच वॅट कमी आहेत का हा प्रश्न मुलं परत विचारत नाहीत. एखादा बीकन कधी कधी बंद असतो, तेव्हा एका जागी शांतता आली तर संच बिघडला असं समजू नका.

कीबद्दल. हॅम लोकांत यावर दोन पक्ष आहेत: आधी साधी उभी की, की आधी पॅडल? मी मुलांना खेळायला साधी की देतो आणि हवेत पाठवायला पॅडल. पॅडलची एक बाजू दाबली की डॉट, दुसरी दाबली की डॅश, आणि त्यांची लांबी संचातला कीअर अचूक ठेवतो. लहान मुलाच्या हाताचा मोर्स साध्या कीवर लवकर विसकटतो, समोरच्याला कळत नाही, उत्तर येत नाही. मुलगी डावखुरी असेल तर मेनूत बाजू बदलता येतात. पॅडल वजनदार बुडाचं घ्या, किंवा जाड फळीवर पक्कं बसवा. हलकं पॅडल मुलांच्या हाताखाली टेबलभर सरकतं आणि त्यांचं अर्धं लक्ष ते धरून ठेवण्यात जातं. दोन्ही पात्यांमधली फट कागदाइतकी पातळ ठेवा, स्प्रिंग सैल. साधी की असेल तर बोटांनी न ठोकता मनगटातून दाबायला शिकवा.

एक छोटी गोष्ट, जिच्यापायी माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. संच सुरू केला की आपोआप डॅश-डॅश-डॅश पाठवत सुटत होता. मुलं गोळा झालेली, मी संच उघडून बसलेलो. शेवटी कळलं की साध्या कीला मोनो प्लग होता आणि संचाचं भोक पॅडलसाठीचं, स्टीरिओ. मोनो प्लगने डॅशची तार जमिनीला जोडली जात होती. साधी की लावताना मेनूत तशी नोंद करा, स्टीरिओ प्लग वापरा, आणि डॅशची तार मोकळी ठेवा.

परवान्याचं लवकर सांगतो. ऐकायला बहुतेक देशांत परवाना लागत नाही, पाठवायला लागतो. तुमच्या देशाचा नियम आणि वयाची अट आधी वाचा. अनेक ठिकाणी परवानाधारक शेजारी बसलेला असताना मूल की दाबू शकतं. तुम्हाला संच सुचवणारे ते दोन हॅम इथे खरे कामाला येतील. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेनंतर शॉर्टवेव्हसाठी मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती राहिलेली नाही, म्हणजे आज बहुतेक जण आवडीने शिकतात, आणि म्हणूनच हवेतले जुने लोक मुलांशी फार प्रेमाने वागतात. मुलाने हळू पाठवलं की तेही वेग उतरवतात. ‘क्यूआरएस’ म्हणजे ‘हळू पाठवा’, हे मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवा आणि ते पाठवायला लाजू नये हेही सांगा. कमी शक्तीवाले लोक ७.०३० आणि १४.०६० च्या आसपास भेटतात. संथ मोर्ससाठी १४.०५५ ही जागा युरोप-आफ्रिकेच्या बँड आराखड्यात राखलेली आहे.

वीज: बारा व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, मध्ये फ्यूज, आणि उलटी लागणारच नाही असा प्लग. चार्जिंग तुम्हीच करा. बॅटरीवर चालवलं की घरातल्या चार्जर-दिव्यांची भुणभुणही बरीच कमी होते.

राहिला शेवटचा प्रश्न, दोघांना एक संच पुरेल का. पुरेल, आणि एकच घ्या. हेडफोनच्या भोकाला दोन फाटे करणारा जोड लावा, दोन हेडफोन द्या. एकाने नॉब फिरवायचा, दुसऱ्याने पेन्सिल धरायची, दहा मिनिटांनी अदलाबदल. पहिले काही दिवस वहीत पूर्ण कॉलसाइन येणार नाहीत. ‘आर’ आलं, मग दोन रिकाम्या जागा, मग ‘के’ आलं, असंच असेल. त्या रिकाम्या जागा खोडू देऊ नका, कारण तेच केंद्र मिनिटाभराने पुन्हा तीच हाक मारतं, आणि बहिणीची सुटलेली अक्षरं त्या वेळी बहुधा भावाच्या कानात पडतात.